फॉर्मल्डिहाइडवर काम सुरू करताना: आधी जोड, मग तूट

फॉर्मल्डिहाइडमुळे डीएनए बिघडतो म्हटलं की नव्याने या विषयात आलेल्याच्या डोळ्यांसमोर तुटलेला डीएनए येतो. पेशींना मात्रा द्यायची, तासाभराने कॉमेट चाचणी (तुटलेला डीएनए विजेच्या ओढीने केंद्रकातून शेपटीसारखा बाहेर येतो, ती) लावायची आणि लांबलेल्या शेपट्या मोजायच्या, असा आराखडा बहुतेक जण मांडतात. शेपट्या काही लांबत नाहीत, कधी कधी तर कंट्रोलपेक्षाही आखूड दिसतात. मग मात्रा वाढवली जाते, पेशी मरतात आणि महिना वाया जातो. चूक मात्रेत नसते. हे रसायन डीएनए कापत नाही, चिकटवतं. तूट नंतर येते, पेशी त्या चिकटलेल्या जागेवरून डीएनएची प्रत काढायला जाते तेव्हा. कोणती चाचणी किती तासांनी लावायची, हे सगळं या क्रमावर ठरतं.

रेणू अगदी छोटा आहे, एकाच कार्बनचा, रेणुभार ३०. ग्वानीन, ॲडेनीन आणि सायटोसीन यांच्या अमिनो गटांना तो धरतो आणि तिथे हायड्रॉक्सिमिथिल गट तयार होतो. हा जोड कच्चा असतो, पाण्यात आपोआप सुटूही शकतो. पण तेवढ्यात शेजारी दुसरा अमिनो गट सापडला, तर दोघांमध्ये मिथिलीनचा पूल बांधला जातो. केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि हिस्टोनांमध्ये लायसिन या अमिनो गटवाल्या आम्लाची रेलचेल असते. म्हणून सर्वांत जास्त होतात ते डीएनए-प्रथिन जोड. डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी बांधणारे जोड त्या मानाने कमी होतात, पण पेशीला ते फार महाग पडतात, कारण धागे उलगडल्याशिवाय प्रत निघत नाही.

प्रत काढणारी यंत्रणा अशा गाठीवर येऊन थांबते. स्पार्टन नावाचं प्रथिन-कापणारं विकर आणि प्रोटिअसोम ही पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा मिळून अडकलेलं प्रथिन कुरतडतात. धाग्या-धाग्यांमधला जोड फॅन्कोनी मार्ग या दुरुस्तीच्या वाटेतली प्रथिनं सोडवतात आणि त्यासाठी डीएनए मुद्दाम कापतात. दुरुस्ती वेळेत झाली नाही, तर काटा (प्रत काढताना धागे उलगडतात ती जागा) कोसळतो आणि दोन्ही धागे तुटतात. पुढच्या विभाजनात त्याचे तुकडे सूक्ष्मकेंद्रकांत (मुख्य केंद्रकाबाहेर पडलेल्या छोट्या केंद्रकांत) किंवा भलत्याच गुणसूत्राला जोडलेले दिसतात. म्हणजे जीनोमची अस्थिरता हा या गोष्टीचा शेवटचा टप्पा आहे. पहिल्या तासात ती शोधून सापडणार नाही.

आता बाटलीकडे. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. ३७ टक्क्यांच्या फॉर्मलिनची घनता साधारण १.०९ असते. टक्के वजनाला वजन धरले, तर एका लिटरमध्ये सुमारे ४०३ ग्रॅम, म्हणजे १३.४ मोलर. त्यातले ७.५ मायक्रोलिटर १० मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) घातले की १० मिलिमोलरचा साठा होतो, आणि त्यातले १०० मायक्रोलिटर १० मिलिलिटर मीडियममध्ये गेले की १०० मायक्रोमोलर. हे गणित कागदावर बरोबर आहे. बाटलीत मात्र १० ते १५ टक्के मिथेनॉल असतं, ते बहुलकीकरण रोखण्यासाठी घातलेलं असतं. जुन्या किंवा थंडीत ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. हे पॅराफॉर्मल्डिहाइड आहे आणि तेवढं तुमच्या द्रावणातून कमी झालेलं असतं. अशी बाटली हलवून वापरू नये, टाकून द्यावी. सर्वांत बरी सोय म्हणजे मिथेनॉल नसलेल्या १६ टक्के द्रावणाच्या बंद कुप्या, ५.३ मोलरच्या. कुपी फोडली की पातळ साठा त्याच दिवशी करावा आणि उरलेला दुसऱ्या प्रयोगासाठी ठेवू नये. फॉर्मलिनच वापरावं लागलं, तर तेवढंच मिथेनॉल घातलेला कंट्रोल सोबत हवा.

साठा खरंच किती आहे, हे फॉर्मल्डिहाइडशी पिवळा रंग देणाऱ्या नॅश अभिकर्मकाने तपासता येतं: २ मोलर अमोनियम ॲसिटेट, ०.०५ मोलर ॲसेटिक आम्ल, ०.०२ मोलर ॲसिटिलॲसिटोन. नमुना आणि अभिकर्मक समसमान घ्या, ३७ अंशांवर ४० मिनिटं ठेवा आणि पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरवर मोजा. तासाभराचं काम आहे म्हणून ते टाळलं जातं, आणि नंतर दोन आठवड्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हेच कळत नाही.

मीडियमचंही तसंच. फॉर्मल्डिहाइड सीरममधल्या प्रथिनांशी, अमिनो आम्लांशी आणि ट्रिस या बफरमधल्या अमिनो रसायनाशी लगेच जोडलं जातं. ट्रिस असलेल्या बफरमध्ये मात्रा बनवली, तर ती पेशींपर्यंत पोचायच्या आधीच घटलेली असते. सीरमसह द्या किंवा सीरमविना ३ तास द्या, पण एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मात्रांची पहिली मालिका २५ ते ५०० मायक्रोमोलरमध्ये ठेवावी. फॅन्कोनी मार्ग किंवा एडीएच५ (फॉर्मल्डिहाइड निकामी करणारं विकर) नसलेल्या पेशी याच्या खालच्या टोकालाच कोलमडतात. पेशी स्थिर करण्यासाठीचं ४ टक्के द्रावण १.३ मोलर असतं, म्हणजे १०० मायक्रोमोलरच्या १३,००० पट. मात्रा वाढवत मिलिमोलरमध्ये जाणं म्हणजे पेशी हळूहळू लोणच्यात घालण्यासारखं आहे, तिथे दिसणाऱ्या नुकसानाचा दुरुस्तीशी संबंध उरत नाही.

एक गोष्ट तर हमखास फसवते. हा वायू एका खळग्यातून शेजारच्या खळग्यात जातो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जास्त मात्रेच्या शेजारी कंट्रोल ठेवला, तर तो कंट्रोल राहत नाही. जास्त मात्रा वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा, प्लेट सील करा, आणि जिथे जिवंत पेशी हाताळता तिथे ४ टक्के द्रावणाची बाटली उघडू नका.

हेच कारण तुमच्या नाकालाही लागू आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही, नाक सरावतं. साठा नेहमी फ्यूम हूडमध्येच बनवा. पेशींचं लॅमिनार फ्लो कॅबिनेट त्यासाठी चालत नाही, कारण काही प्रकारांत हवा तुमच्याकडेच येते.

आता चाचण्यांकडे वळू. पहिल्या काही तासांत मोजायचे ते जोड. पोटॅशियम-एसडीएस पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. पेशी एसडीएस या डिटर्जंटमध्ये फोडा, बारीक सुईतून पाच-सहा वेळा ओढून डीएनएचे तुकडे करा, २०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घाला आणि बर्फात ठेवा. प्रथिनं एसडीएससह खाली बसतात आणि त्यांना चिकटलेला डीएनए सोबत ओढला जातो. गाळ ५५ अंशांवर १० मिनिटं सैल करून पुन्हा बर्फात बसवायचा, असं तीन वेळा धुवा. मग प्रोटिनेज के हे प्रथिन पचवणारं विकर घाला, सुटलेला डीएनए मोजा आणि तो एकूण डीएनएच्या प्रमाणात मांडा. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. तुकडे नीट झाले नाहीत, तर एका जोडामागे लांबच लांब डीएनए खाली येतो आणि आकडा फुगतो. आणि धुताना घाई म्हणून तापमान ६५ वर नेऊन नमुना तसाच ठेवला, तर जोड उष्णतेने सुटतात. क्रोमॅटिनच्या प्रयोगांत जोड सोडवण्यासाठी रात्रभर ६५ अंशच वापरतात, हे लक्षात ठेवा. ३७ अंशांवरसुद्धा हे जोड पेशींत कायम राहत नाहीत: वाढवलेल्या मानवी पेशींत साधारण १२ तासांत निम्मे उरतात, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत त्याहून सावकाश कमी होतात. म्हणून ०, ६, १२ आणि २४ तास असे नमुने घ्या.

कॉमेट चाचणी टाकाऊ नाही, फक्त उलटी वाचावी लागते. सगळ्या नमुन्यांना बर्फावर सारख्याच मात्रेचं आयनीकारक प्रारण द्या. ज्यांत जोड आहेत त्यांच्या शेपट्या आखूड राहतील. त्याच स्लाइडची जोडीदार प्रोटिनेज केने धुतल्यावर शेपटी परत लांबली, तर अडवणारी वस्तू प्रथिनच होती, हे सिद्ध होतं.

गामा-एच२एएक्स आणि ५३बीपी१ या तुटीच्या जागी जमणाऱ्या प्रथिनांचे ठिपके त्यानंतर पाहावेत, आणि ईडीयूचा (नव्या डीएनएत शिरणाऱ्या खुणेचा) थोडा वेळ झटका देऊन एस अवस्थेतल्या, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या, पेशी वेगळ्या मोजाव्यात. ठिपके नेमके त्यांच्यातच जास्त असतील, तर वर सांगितलेल्या क्रमाला तो पुरावा आहे. संपूर्ण केंद्रक सारखंच उजळलेलं दिसलं, तर ती बहुधा मरणारी पेशी असते, तिला तूट म्हणून मोजू नका. सूक्ष्मकेंद्रकांसाठी तर विभाजन व्हावंच लागतं. ३ ते ६ तास मात्रा, मग पेशीचे दोन भाग होणं थांबवणारं सायटोकॅलॅसिन बी, आणि दीड ते दोन पेशीचक्रांनंतर काढणी. प्रत्येक मात्रेमागे किमान २,००० द्विकेंद्रकी पेशी मोजा. पेशींची वाढ ५५ टक्क्यांच्या आसपास घटली की त्यापुढची मात्रा अर्थ लावण्यासाठी वापरू नये.

निष्कर्ष लिहिताना विसरू नये अशी गोष्ट: पेशी स्वतःच फॉर्मल्डिहाइड बनवते. हिस्टोनांवरचे मिथिल गट काढताना आणि फोलेटच्या विघटनातून ते सतत निघतं, रक्तातही ते मायक्रोमोलरच्या पातळीवर असतं. ते पेशीतल्या ग्लुटाथिओन या रेणूला आपोआप जोडलं जातं, एडीएच५ त्याचं पुढे रूपांतर करतं, शेवटी फॉर्मेट होतं. एएलडीएच२ हे दुसरं विकर वेगळ्या वाटेने हातभार लावतं. म्हणून उपचार न केलेल्या पेशींतही जोड शून्य नसतात. बाहेरून आलेलं आणि आतलं वेगळं करायचं, तर कार्बन-१३ आणि ड्युटेरियमने खूण केलेलं फॉर्मल्डिहाइड आणि वस्तुमान-वर्णपटमापन लागतं. अशी खूण केलेला वायू उंदरांना हुंगवला, तेव्हा बाहेरचे जोड नाकाच्या अस्तरात सापडले, अस्थिमज्जेत नाही. आतले मात्र दोन्हीकडे होते. रक्ताच्या कर्करोगाबद्दल लिहिताना हा निकाल बाजूला ठेवता येत नाही.

बीआरसीए२ या डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनावर काम असेल, तर त्याच नमुन्यातून वेस्टर्न ब्लॉटही (प्रथिन किती आहे हे पट्टीवरून पाहण्याची चाचणी) करा. फॉर्मल्डिहाइडमुळे हे प्रथिन प्रोटिअसोमकडे जाऊन घटतं. एकच चांगली जनुक-प्रत असलेल्या पेशींत ते गरजेपेक्षा कमी पडतं आणि थांबलेले काटे एमआरई११ हे डीएनए कापणारं विकर कुरतडू लागतं. पट्टी फिकट दिसली, तर ठिपके वाढण्यामागे नुसते जोड आहेत की दुरुस्ती करणारंच नाहीसं झालं आहे, हे वेगळं तपासा. त्यासाठी प्रोटिअसोमचा अवरोधक घातलेला एक कंट्रोल पहिल्यापासून प्लेटवर ठेवा.