तालमूदमध्ये बोध शोधताना या चुका टाळा

तालमूद म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या कायद्यावरच्या वादचर्चांचा ग्रंथ. तो हातात घेणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच पानावर जीवनाचं सार हवं असतं. समोर येतात सांडलेली नाणी, फुटलेली पिंपं, हमालांची मजुरी. मग तो पानं उलटत सुटतो आणि एखादं सुभाषित दिसलं की तेवढंच टिपून घेतो. मला हे फार खटकतं, कारण बोध त्या नाण्यांत आणि पिंपांतच आहे.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे गोष्ट अर्ध्यावर सोडणं. तालमूदच्या 'बावा मेत्सिया' या भागातली आखनाईच्या भट्टीची गोष्ट घ्या. भट्टी विटाळते की नाही, यावर रब्बी (धर्मपंडित) एलिएझर एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझरांच्या बाजूने झाड जागचं हलतं, पाणी उलटं वाहतं, आकाशवाणीही होते. तरी रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, 'तोरा (ज्यूंचं धर्मशास्त्र) स्वर्गात नाही.' आणि देव हसून म्हणतो, 'माझ्या लेकरांनी मला हरवलं.'

ठाण्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात एका पाहुण्या वक्त्याने गोष्ट इथेच संपवली. 'चमत्कारापेक्षा बुद्धी मोठी,' असं तात्पर्य सांगितलं, टाळ्या पडल्या. मागून एका आजींनी विचारलं, 'मग त्या एलिएझरांचं काय झालं हो?' वक्त्याला सांगता येईना. त्याने गोष्टीचा व्हिडिओ पाहिला होता, पान उघडलंच नव्हतं.

पुढे काय होतं? एलिएझरांना बहिष्कृत करतात. निरोप न्यायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून जातात आणि चार हात लांब बसतात. एलिएझर कपडे फाडतात, जोडे काढून जमिनीवर बसतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. त्यांची बायको इम्मा शालोम ही सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांची बहीण. नवऱ्याने दुःखाने पालथं पडून प्रार्थना केली तर भाऊ मरेल, या धास्तीने ती त्यांना जपते. एक दिवस तिची नजर चुकते आणि गमलिएल जातात. 'सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याचा होत नाही,' असं ती आजोबांच्या घरचं वचन सांगते.

ही गोष्ट ज्या मिश्नाखाली, म्हणजे तालमूद ज्यावर चर्चा करतो त्या मूळ वचनाखाली येते, तिचा विषय आहे शब्दांनी दुखावणं. घ्यायचं नसेल तर दुकानदाराला उगाच भाव विचारू नका, पश्चात्ताप केलेल्याला त्याचं जुनं वागणं आठवून देऊ नका. निकाल बरोबर लागला तरी हरलेल्या माणसाशी कसं वागलात, याचा जाब वेगळा द्यावा लागतो. माझी सवय अशी: गोष्टीआधीची मिश्ना वाचायची आणि विषय पुरता बदलेपर्यंत थांबायचं नाही.

दुसरी चूक, कायद्याचा प्रश्न गाळून दयेवर उडी मारणं. हमालांच्या हातून रब्बा बार बार हनाना या पंडितांचं वाइनचं पिंप फुटतं, रब्बा हमालांचे अंगरखे काढून घेतात. रव नावाचे पंडित रब्बांना सांगतात, परत दे. रब्बा विचारतात, 'हा कायदा आहे?' 'हो.' हमाल म्हणतात, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. रव सांगतात, मजुरीही दे. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'हो.' तो 'हो' गाळलात तर उरतं नुसतं 'गरिबांवर दया करा'.

'तालमूद म्हणतो' असं लिहू नका. बोलणाऱ्याचं नाव द्या, समोरच्याचं मतही द्या.

हिल्लेल या जुन्या पंडिताचं 'तुला नको ते दुसऱ्याला करू नकोस' सगळ्यांना पाठ असतं. त्याच दमात तो 'जा, शीक' म्हणाला, ते सोयीने विसरतात.

रोज एक पान या वेगाने २,७११ पानं साडेसात वर्षांत होतात. १९२३ पासून जगभर हा क्रम चालू आहे, पण नवख्याने त्यात उडी घेऊ नये. एकच पान घ्या, अभ्यासातल्या जोडीदारासोबत महिनाभर बसा आणि राशी या भाष्यकारांचं भाष्य सोडू नका. 'बावा मेत्सिया'च्या दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा. विखुरलेली नाणी सापडली तर सापडणाऱ्याची, थैलीत सापडली तर पुकारा करायचा. असं का, यावर आधी जोडीदाराशी भांडा, मग राशी वाचा.