सर्किट ट्रेनिंग करताय? पेठेची ईर्षा घरी ठेवून या, आणि या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये फुटबॉल खेळणारा एक पोरगा आला. वय २२, अंगानं काटक, पेठेच्या संघातून नव्वद मिनिटं पळणारा. पहिल्याच दिवशी शेजारच्यानं ४० सेकंदांत ३० बैठका मारल्या म्हणून यानं ३५ मारल्या. पुढच्या फेरीत त्याहून जास्त. मी थांब म्हटलं, तर म्हणाला, "काय हुत न्हाई, सर. अजून धा मारतो की."

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. जिना उतरता येईना, मांड्या दगडासारख्या झालेल्या आणि लघवी काळ्या चहासारखी. मी म्हटलं, आहेस तसा दवाखान्यात जा. तिथं त्याला सलाइन लावून तीन दिवस ठेवून घेतलं. अचानक पडलेल्या भारानं स्नायूंच्या पेशी फुटल्या होत्या, त्यातलं प्रथिन रक्तात उतरलं होतं आणि ते गाळताना मूत्रपिंडं दमायला लागली होती. वेळेत गेला म्हणून निभावलं. त्या सकाळी त्याला हाताला धरून बाजूला बसवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही, याची टोचणी मला अजून आहे.

कोल्हापुरात ईर्षा हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. १९१२ पासून खासबागेच्या कुस्तीच्या मैदानानं ती पाहिली आहे, शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या दर हंगामात ती दिसते, आणि तिथं ती हवीच. पण सर्किटच्या फेरीत ती शिरली की व्यायामाचा फायदा जातो आणि दुखणं मागं लागतं. गेल्या काही वर्षांत मी ज्या चुका पाहिल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त इथूनच सुरू झाल्या.

सर्किट म्हणजे काय, ते थोडक्यात. सहा ते बारा व्यायाम ओळीनं लावायचे, एक झाला की जरा दम घेऊन दुसऱ्यावर जायचं, सगळे झाले की एक फेरी. १९५३ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोघांनी विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत बसवली. त्यांच्या पद्धतीचा गाभाच असा होता की प्रत्येकाचा डोस त्याच्या स्वतःच्या ताकदीवरून ठरवायचा. शेजारी किती मारतो, याचा त्यात संबंधच येत नाही. आमचे तालमीतले वस्ताद वेगळ्या शब्दांत हेच करायचे. जोर, बैठका, सपाट्या, दोर असं एकामागून एक चालायचं, आणि वस्ताद आकड्यांपेक्षा पोराच्या छातीकडं बघत उभे राहायचे. श्वास तुटायला लागला की "बस कर" म्हणायचे.

फायदा मोठा आहे, म्हणून तर एवढा जीव टाकून सांगतोय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सुचवते, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. रंकाळ्याला रोज फेरी मारणाऱ्या माणसाचा पहिला हिशेब पुरा होतो, दुसरा राहून जातो. सर्किटमध्ये दोन्ही एकाच अर्ध्या तासात बसतं. हृदयाचा दम वाढतो, स्नायू टिकतात, हाडांवर योग्य भार येतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, त्यामुळं मधुमेह असलेल्यांना आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो. नियमित केलं तर रक्तदाबही थोडा खाली येतो.

चूक: आकडा वाढतो, ढब बिघडते

चाळिसाव्या सेकंदाला तुमची बैठक पहिल्या बैठकीसारखी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तिथंच थांबा, घड्याळ चालू असलं तरी. डोस ठरवायला मी एक साधी रीत वापरतो. पहिल्या आठवड्यात एकदा, दम असताना, नीट ढबीत किती होतात ते मोजायचं आणि फेरीत त्याच्या निम्मेच करायचे. वीस जमत असतील तर दहा. पोरांना हे कमीपणाचं वाटतं. तिसऱ्या फेरीत वाटेनासं होतं.

बैठकीबद्दल एक गोष्ट आमच्याकडं हटकून होते. तालमीतली बैठक चवड्यावरची असते, खाली जाताना टाच उचलते, हात मागून पुढं येतात. लहानपणापासून लाल मातीत घाम गाळलेल्या गड्याचे गुडघे आणि घोटे त्याला सरावलेले असतात. पंचेचाळिशीला नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं वडिलांची आठवण काढून तशीच बैठक मारली, की आठवड्यात गुडघ्याच्या वाटीभोवती ठणका लागतो. त्यांनी टाच टेकवूनच सुरुवात करावी. मागं खुर्ची ठेवा, बूड तिला टेकेपर्यंत जा आणि उठा. उठताना खाली बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय की आत पडतोय? आत पडत असेल तर खोली कमी करा, खुर्चीवर उशी ठेवा.

चूक: एकाच स्नायूला लागोपाठ तीनदा जुंपणं

मंगळवार पेठेतल्या एक काकू दुसऱ्या ठिकाणी महिनाभर सर्किट करून आमच्याकडं आल्या. म्हणाल्या, "दादा, हातास्नी मुंग्या येत्यात, पण दम काय लागत न्हाई बघा." त्यांची वही बघितली. जोर, मग प्लँक (कोपरं आणि चवडे टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं), मग डंबेल डोक्यावर उचलणं, मग परत जोर. खांदे आणि दंड दुसऱ्याच व्यायामाला संपत होते, आणि हृदयाला काम मिळायच्या आधी हात हार मानत होते. सगळे व्यायाम चांगले, फक्त क्रम चुकलेला.

सर्किटची खरी गंमत क्रमातच आहे. पाय दमले की त्यांना विसावा देऊन छातीला लावायचं, छाती विसावली की पाठीला. एक भाग आराम करत असतो तेव्हा दुसरा काम करतो, म्हणून स्नायू न थकता दम मात्र चढलेला राहतो. काकूंना मी लावून दिलेला क्रम असा होता: खुर्चीवर बसून उठणं, कट्ट्यावर हात टेकून जोर, पायरीवर चढउतार, पाण्याचा कॅन ओढणं, प्लँक, आणि शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. प्रत्येकी ३० सेकंद काम, ३० सेकंद विसावा. फेरी झाली की दोन मिनिटं. पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, आज घाम आला.

त्यातलं कॅन ओढणं लक्षात ठेवा, कारण बहुतेकांच्या सर्किटमध्ये ओढण्याचा व्यायामच नसतो. जोर म्हणजे ढकलणं, प्लँकमध्येही छाती-खांद्यावरच भार. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा मोबाइलवर वाकून बसायचं आणि सकाळी पुन्हा छातीचाच व्यायाम, यानं खांदे आणखी पुढं येतात. तालमीत दोर होता, मल्लखांब होता, समोरच्याला खेचायचं होतं, त्यामुळं पाठ आपोआप घडायची. घरी पाच लिटरचा भरलेला कॅन घ्या. एक हात खुर्चीवर टेकवा, कमरेतून पुढं झुका, पाठ पाटासारखी सरळ ठेवा आणि कॅन बरगडीपर्यंत ओढा. कोपर अंगाला घासून मागं गेलं पाहिजे. मान वर करून समोर बघू नका, नजर जमिनीवर.

चूक: श्वास कोंडणं

जोर लावताना दात-ओठ खाऊन श्वास धरायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी रक्तदाब झपकन वर जातो. तरुण निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाही, पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यानं हा धोका पत्करू नये. जोर घेताना खाली श्वास आत, वर येताना बाहेर. लक्षात राहत नसेल तर आकडे मोठ्यानं मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

दम किती लागावा, यालाही बोलणंच माप. फेरीच्या मध्यात एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. शब्दसुद्धा फुटेना, तर विसावा वाढवा. २२० मधून वय वजा करून नाडीचा कमाल आकडा काढायची रीत सगळ्यांना पाठ आहे, पण तो ढोबळ अंदाज आहे. माणसामाणसांत बराच फरक पडतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. म्हणून मी घड्याळावरच्या आकड्यापेक्षा बोलण्यावर भरवसा ठेवतो.

चूक: शेवटची फेरी संपली की धपकन बसणं

व्यायामात पायांचे स्नायू दर आकुंचनाला रक्त वर हृदयाकडं ढकलत असतात. अचानक थांबलात की रक्त पायातच रेंगाळतं, दाब उतरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. मैदानावर चक्कर येऊन पडलेली माणसं मी पाहिली आहेत, बहुतेक जण व्यायाम झाल्यानंतर. पाच मिनिटं सावकाश चाला, मग बसा. सुरुवातीलाही पाच-सात मिनिटं खांदे, कंबर, घोटे फिरवून अंग तापवून घ्या. थंडीत जरा जास्तच.

चूक: रोज तेच, तेवढंच, आणि नजर फक्त वजनकाट्यावर

सर्किट आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. मधल्या दिवशी रंकाळ्याला चाला. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं साहजिक आहे. ते ओसरायच्या आत पुन्हा तोच भार घातला तर स्नायूला भरून निघायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या बाजूला सहा महिने तेच तीस सेकंद, तोच पाच लिटरचा कॅन, असंही चालतं. अंग सरावतं आणि पुढं जायचं थांबतं. दर दोन आठवड्यांनी एकच गोष्ट बदला: सेकंद वाढवा, किंवा विसावा कमी करा, किंवा वजन वाढवा. तिन्ही एकदम नको.

पोटाचे व्यायाम शंभर करून पोटाचीच चरबी जात नाही. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं, आणि खाणं तसंच राहिलं तर काटा हलतही नाही. काकूंचं वजन अडीच महिन्यांत जेमतेम दीड किलो उतरलं. पण ब्लाउज सैल झाले आणि जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढल्या. मी वहीत कंबरेचं माप आणि व्यायामानंतर एका मिनिटात नाडी किती खाली येते ते लिहायला सांगतो. हा उतार महिन्यागणिक वाढत गेला की हृदय सुधारतंय.

खाण्याबद्दल फार सांगत नाही. रविवारचा तांबडा-पांढरा खाऊन लगेच सर्किट करू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. व्यायामानंतर प्रथिनं हवीत. पेलाभर म्हशीच्या दुधात साधारण आठ ग्रॅम असतात, त्यासाठी महागडा डबा लागत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, किंवा जे बऱ्याच वर्षांनी सुरुवात करताहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, थंड घाम, शुद्ध हरपल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं, तर "पित्त असंल" म्हणून घरी जाऊ नका. १०८ ला फोन करा. काळपट लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पाऊस सुरू होईल. जुलैत मैदानात पाणी साठतं, रंकाळ्याच्या कडेला शेवाळ धरतं, आणि तिथं उड्या मारून घोटा मुरगळलेले दरवर्षी दोघं-तिघं असतात. तेवढे दोन महिने घरातच, सोप्यात म्हणजे ओसरीवर करा. फरशी कोरडी पुसून घ्या, उड्यांच्या जागी पायरी चढउतार घ्या, आणि ओल्या चपला दाराबाहेर ठेवून अनवाणी किंवा कोरड्या बुटात उभे राहा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे बसताना मागं सरकणार नाही.