बोटीवरच्या फोनमधल्या नोंदी लिबसोडियमने कुलूपबंद कशा करायच्या

रत्नागिरीजवळच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटवाल्यांसाठी मी हिशेबाचं ॲप करतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, फोनवर नोंदी टाकतो: डिझेल किती, बर्फ किती, कोणत्या खलाशाला किती उचल. मालक त्या घरी विंडोजवर वाचतो. बोटीवरचा फोन दहा हातांत फिरतो, हरवतोही. कोणी किती उचल घेतली हे बंदरभर होता कामा नये.

यासाठी लिबसोडियम घ्या. मजकूर कुलूपबंद करणारी, सी भाषेतली, २०१३ पासूनची ही छोटी लायब्ररी अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स, आयफोन सगळीकडे चालते. आधी सोडियम_इनिट कॉल करा. उणे १ आलं तर ॲप तिथंच थांबवा.

खरा विचार चाव्यांचा करायचा. एकच गुप्त चावी दोन्हीकडे ठेवली, तर फोनबरोबर तीही जाते. म्हणून मालकाच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो_बॉक्स_कीपेअरने चाव्यांची जोडी बनवा: सार्वजनिक चावी बंद करायला, खाजगी उघडायला. ३२ बाइटची सार्वजनिक चावी फोनवर, खाजगी चावी घरीच. प्रत्येक नोंद क्रिप्टो_बॉक्स_सीलने बंद करा. देवळातल्या फंडपेटीसारखं आहे हे: टाकावं कोणीही, उघडावं चावीवाल्यानंच. खुद्द तांडेलालाही बंद केलेली नोंद परत उघडता येत नाही. नोंद ४८ बाइटने वाढते, तेवढी जागा धरा. मूळ मजकूर बाइट ॲरेतच ठेवा आणि काम झालं की पुसा. जावाच्या स्ट्रिंगमध्ये गेलेला मजकूर हवा तेव्हा पुसता येत नाही.

पण सार्वजनिक चावी हाती लागली की खोटी नोंदही कोणी टाकेल. त्यासाठी फोनची स्वतःची सही हवी: क्रिप्टो_साइन_डिटॅच्ड, ६४ बाइट. बोटीचा नंबर आणि नोंदीचा क्रमांक मजकुरात घालून सही करा, मग दोन्ही एकत्र सील करा. क्रमांक विसरू नका. नाहीतर दोन हजारांची जुनी उचल कोणी पुन्हा पाठवली, तरी सही खरीच निघेल आणि भुर्दंड गरीब खलाशाला. फोन हरवला तर त्याची सही मालकाकडे लगेच रद्द करायची.

मालकाकडे क्रिप्टो_बॉक्स_सील_ओपनने उणे १ दिलं, सही जुळली नाही, किंवा तोच क्रमांक आधी येऊन गेला असला, तर ती नोंद हिशेबात धरूच नका.

खाजगी चावी हरवली तर सगळे हिशेब गेले, ते कोणीच परत आणू शकत नाही. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच, तीही उघडी नको: पासवर्डवरून क्रिप्टो_पीडब्ल्यूहॅशने चावी काढा आणि तिने प्रत सीक्रेटबॉक्समध्ये, म्हणजे एकाच चावीने बंद होणाऱ्या आणि उघडणाऱ्या कुलपात, बंद करा. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एक नोंद उघडून बघा. ती उघडली, की मगच फोन तांडेलाच्या हाती द्या.