नळाला पाणी बारीक येतंय? आधी तोंडाची जाळी काढून बघा

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की बेसिनच्या नळाची धार बारीक होते आणि लोक लगेच प्लंबरला फोन लावतात, पण बऱ्याचदा फक्त नळाच्या तोंडाची जाळी (एरेटर) क्षार आणि रेतीने चोंदलेली असते.

१. बेसिनच्या भोकावर फडका टाका, जाळीचा वायसर (रबराची चकती) आत गेला तर हुडकत बसावं लागतं.
२. जाळीला जुना कपडा गुंडाळून पक्कडने फिरवा, खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला. कपडा नक्की घ्या, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतात. भाग कसे बसलेत त्याचा मोबाईलवर फोटो काढा.
३. जाळी न लावता नळ सोडा. धार जोरात आली तर दोष जाळीचाच. अडकलेली रेती पण वाहून जाते.
४. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या ब्रशने घासा, धुऊन हातानेच घट्ट बसवा. फाटली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळते, जुनी सोबत न्या म्हणजे साईज चुकत नाही.

जाळी काढूनही धार बारीकच असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक) पूर्ण उघडा आहे ना तेवढं बघा. तो जाम असेल तर जोर लावू नका हं, जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीतली जीआय लाईन (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप) गंजलेली असते आणि आतच तुटली तर टाईल्स फोडाव्या लागतात. तिथे प्लंबरच बोलवा, आणि तो येण्याआधी फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधून ठेवा.