रिओच्या पानातून पेशीअंगकं कशी शिकायची

नेरूळला मी आठवी ते अकरावीची मुलं जीवशास्त्राला घेते. पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या छोट्या भागांचा, धडा आला की पहिल्या दिवशी पाठांतर नाही, रिओ या शोभेच्या झाडाचं एक पान आणायचं. वरून हिरवं, खालून जांभळं. इथल्या बऱ्याच सोसायट्यांच्या कुंड्यांत ते असतं. माळीकाकांना विचारून तोडा, एवढंच.

पान जांभळी बाजू वर करून धरा आणि तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला पातळ जांभळा पापुद्रा सुटतो. तेवढाच ब्लेडने कापून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूच सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि पोरं बुडबुड्यालाच केंद्रक म्हणून मोकळी होतात. सूक्ष्मदर्शीत आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग, मग चाळीसपट.

जांभळ्या, कोनदार पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. हा रंग मधल्या मोठ्या रिक्तिकेतल्या (रसाच्या पिशवीतल्या) रसाचा. मधेमधे पर्णरंध्रं असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षकपेशींत जे हिरवे ठिपके दिसतात, ती हरितलवकं, प्रकाशातून अन्न बनवणारी अंगकं.

आता खरी गंमत. अर्धा कप पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. डोळा भिंगावरून काढू नका. काही मिनिटांत जांभळा भाग आकसतो, कडेपासून सुटतो, गडद होतो. पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची टणक भिंत, मात्र जागची हलत नाही. म्हणजे भित्तिका वेगळी आणि तिच्या आतलं प्रद्रव्यपटल (पेशीचा पातळ पडदा) वेगळं, हे डोळ्यांनी दिसलं. पाणी बाहेर गेलं, रंग आतच राहिला: पटल कुणाला सोडतं, कुणाला अडवतं, तेही कळलं. लगेच साधं पाणी सोडलंत तर पेशी पुन्हा भरते. दुसरं पान उकळून बघा. पटलं निकामी होतात आणि रंग सरळ पाण्यात उतरतो.

केंद्रकासाठी कांद्याचा पापुद्रा आणि आयोडीन. ते शाळेत होतंच.

रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, मात्र या भिंगात शोधत बसू नका. साध्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर, रायबोझोम २५च्या आसपास. न दिसणारी अंगकं सुटी सुटी पाठ करण्यापेक्षा एका प्रथिनाचा माग काढा. पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पलाडे यांनी हेच केलं. गिनीपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल (प्रथिनाची वीट) दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने ते कुठे पोहोचलं ते पाहिलं. आधी रायबोझोम चिकटलेली खडबडीत आंतर्द्रव्यजालिका (पटलांचं जाळं), मग गॉल्गी (चपट्या पिशव्यांची चळत), मग पुटिका (छोट्या पिशव्या) आणि शेवटी पेशीबाहेर. १९७४च्या नोबेलचे ते एक मानकरी. वहीच्या आडव्या पानावर हाच रस्ता बाण काढून दाखवा. प्रत्येक थांब्याला प्रथिनाचं काय झालं ते एका ओळीत लिहा.

तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) ‘ऊर्जाकेंद्र’ म्हटलं की मार्क मिळतो, कळत काहीच नाही. तिच्या आतल्या पटलाला घड्या का, हे विचारा. एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार करणारी यंत्रणा त्या पटलातच बसलेली असते. घड्या जास्त तितकी जागा जास्त. मग पुढचा प्रश्न: आपल्या पक्व लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतेच, तिचं कसं भागतं? पेशीद्रव्यात ग्लुकोज अर्धवट मोडून जे थोडं एटीपी मिळतं, त्यावर.