आडमार्गाने आलेल्या पैशावर आयकर लागतो का, हे कसे ठरवावे

हाती आलेला पैसा कायदेशीर की बेकायदा, हा प्रश्न करआकारणीपुरता आधी बाजूला ठेवावा आणि ती रक्कम आपली म्हणून मिळाली आहे की परत करायची आहे, एवढेच पाहावे. उसनवारी, अनामत किंवा दुसऱ्याच्या वतीने स्वीकारलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. मात्र त्याचा लेखी पुरावा जपून ठेवावा. कमिशन, टक्केवारी, सट्ट्यातील कमाई, अगदी लाचसुद्धा, करपात्र उत्पन्नातच मोजली जाते.

मोबदला रोखीतच असावा लागतो असे नाही. औषध कंपनीने डॉक्टरांना घडवलेल्या परदेशवारीची किंमत काढून ती त्यांच्या व्यावसायिक उत्पन्नात दाखवावी लागते. वर्षभरातील अशा लाभांचे मूल्य 20,000 रुपयांहून अधिक झाल्यास देणाऱ्याने 10 टक्के करकपात करावी, असा नियम 1 जुलै 2022 पासून आला; पण कपात झाली नाही म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी टळत नाही. देणाऱ्यालाही हा खर्च वजा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात स्पष्ट केले.

वजावटी मांडताना विशेष सावध राहावे. गुन्ह्यासाठी केलेला खर्च आणि कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड वजा होत नाही. जप्तीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सोने आणण्यासाठी पाकिस्तानकडे निघालेल्या तस्कराजवळच्या नोटा जप्त झाल्या, तेव्हा तो त्याच्या धंद्यातला तोटा मानून सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये, प्यारा सिंग खटल्यात, वजावट मान्य केली होती. 2023 मध्ये मात्र याच न्यायालयाच्या खंडपीठाने चांदीच्या एका व्यापाऱ्याला ती नाकारली, कारण तस्करी हा त्याचा मूळ धंदा नव्हता. पूर्णवेळ तस्कराला सवलत आणि व्यापाऱ्याला नाही, हा भेद पचायला जड आहे. त्याच खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी जुन्या निकालाशी असहमती नोंदवली असल्याने त्याच्या भरवशावर विवरणपत्र भरू नये.

कर भरल्याने पैसा वैध होतो, हा समज तर सोडूनच द्यावा. आयकर विवरणपत्र हा उत्पन्नाच्या वैध स्रोताचा निर्णायक पुरावा नव्हे, असे जयललिता खटल्याच्या 2017 च्या निकालात म्हटले आहे. म्हणून रक्कम गुन्ह्याशी जोडलेली असण्याची शक्यता असल्यास, विवरणपत्र भरण्यापूर्वी करसल्लागारासोबत फौजदारी वकिलाचाही सल्ला घ्यावा, आणि 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याऐवजी 2025 चा आयकर कायदा लागू असल्याने जुने कलम क्रमांक तसेच उतरवू नयेत.