तीन शिट्ट्यांचा पीसी: घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी घेताना आणि नंतर सांभाळताना

मावशीच्या भांडुपच्या घरी जो पीसी आहे तो चालू व्हायला किती वेळ लागतो हे ती मिनिटांत सांगायचीच नाही. बटण दाबायची, आत जाऊन कुकर लावायची आणि तीन शिट्ट्या झाल्या की बाहेर येऊन बघायची, डेस्कटॉप आलाय का. आला तरी पुढची पाच मिनिटं ते गोल चक्र फिरतच. तिला वाटायचं मशीन म्हातारं झालं, आता नवीन घ्यावं. मी उघडून बघितलं तर प्रोसेसर बरा होता, रॅम ८ जीबी होती, सगळा घोळ त्या जुन्या हार्डडिस्कचा. ५०० जीबीची साधी साटा एसएसडी टाकली (एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी ड्राइव्ह, साटा म्हणजे जुनी केबलवाली जोडणी), आता कुकरला झाकण लागेपर्यंत मशीन तयार असतं. तेव्हापासून नातेवाईक काय, बिल्डिंगमधले काय, सगळे मलाच विचारतात कुठली घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हार्डडिस्कवरून कुठल्याही बऱ्यापैकी एसएसडीवर गेलात तर फरक जमीन-अस्मानाचा, पण बऱ्या एसएसडीवरून महागड्या एसएसडीवर गेलात तर घरच्या कामात तुम्हाला कळणारसुद्धा नाही. याचं कारण असं की हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावरचं हेड इकडून तिकडे पळत डेटा शोधतं, ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी मारायलाच ८ मिलिसेकंदांच्या वर घेते, त्यात हेडचा प्रवास धरला तर सेकंदाला शंभर-सव्वाशे ठिकाणी जाणं म्हणजे तिची कमाल. विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वाचतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तेच काम ती साधारण ०.१ मिलिसेकंदात करते.

आणि खोक्यावर जो आकडा असतो ना, साटाला ५५०, जेन ३ एनव्हीएमईला (साटाहून वेगवान जोडणी, जेन म्हणजे तिची पिढी) ३५००, जेन ४ला ७००० एमबी प्रति सेकंद, तो एक मोठी सलग फाईल वाचतानाचा आहे. म्हणजे चर्चगेटवरून सुटलेली गाडी मध्ये कुठेच न थांबता बोरिवलीला गेली तर तिचा वेग किती, तसं. आपलं रोजचं काम म्हणजे स्लो लोकल, दर स्टेशनला थांबा. त्यामुळे ३५०० आणि ७०००च्या मधल्या फरकासाठी पैसे मोजायचे असतील तर आधी स्वतःला विचारा की रोज ४के व्हिडिओ एडिट करता का. नसाल करत तर ते पैसे रॅमला नाहीतर बॅकअपच्या डिस्कला लावा.

आता आपल्या मशीनला काय बसतं ते बघा. हे दुकानात जाऊन नाही, घरीच बघायचं, कॅबिनेट उघडून नाहीतर मदरबोर्डचं मॉडेल शोधून त्याचं मॅन्युअल वाचून. जुन्या पीसीला फक्त साटा पोर्ट असतात, तिथे अडीच इंची एसएसडी. पोर्ट फारच जुने, साटा २चे असतील तर वेग निम्मा मिळतो, तरी घ्याच, कारण वर सांगितलं तेच, फरक शोधाशोधीच्या वेळेचा आहे. थोड्या नवीन बोर्डावर एम डॉट २चा स्लॉट असतो, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी त्यात बसते, २२८० लिहिलेलं असतं म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. इथे लोक हमखास फसतात, कारण एम डॉट २ हा फक्त आकार आहे, आतून ती साटा असू शकते किंवा एनव्हीएमई, दिसायला सारखीच. पिनांच्या पट्टीत दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई, पण खाचेवर भरवसा ठेवण्यापेक्षा मॅन्युअलमध्ये स्लॉट काय घेतो ते वाचा. अजून एक, काही बोर्डांवर एम डॉट २ वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, मग जुनी डिस्क दिसत नाही आणि माणूस रात्रभर केबली बदलत बसतो. मी बसलोय.

जेन ४ची एसएसडी जेन ३च्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालते, फक्त जेन ३च्या वेगाने.

तुलना करताना खरं बघायचं ते म्हणजे टीएलसी आहे की क्यूएलसी. फ्लॅश मेमरीच्या एका सेलमध्ये टीएलसी ३ बिट ठेवते, क्यूएलसी ४. जागा तीच, माणसं जास्त, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते पण लिहायला हळू आणि झिजते लवकर. हा हळूपणा लगेच दिसत नाही, कारण ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता सेलमागे १ बिट अशा पद्धतीने वापरते, त्याला एसएलसी कॅश म्हणतात, त्यात पहिले काही जीबी झूम करून जातात. ती भरली की खरा वेग बाहेर येतो. लग्नाच्या व्हिडिओचं दीडशे जीबीचं फोल्डर स्वस्तातल्या क्यूएलसीवर कॉपी करून बघा, सुरुवातीला छाती फुगते आणि मग आकडा घसरत घसरत हार्डडिस्कच्या खाली जातो. आणि ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान. नुसते फोटो-सिनेमे ठेवायला क्यूएलसी ठीक आहे, विंडोजच्या ड्राइव्हला मात्र टीएलसीच घ्या. खोक्यावर लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये शोधावं लागतं, आणि कुठेच लिहिलेलं नसेल तर मी क्यूएलसीच धरून चालतो.

डीरॅमचं पण तसंच. डीरॅम म्हणजे ड्राइव्हवरची छोटी मेमरी, कुठला डेटा कुठे ठेवलाय त्याचा नकाशा तिथे असतो. एनव्हीएमईमध्ये ती नसली तरी ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेते, चालून जातं. साटाला ही सोय नाही, त्यामुळे साटा घेताना जमलं तर डीरॅमवाली घ्या.

टीबीडब्ल्यूवरून मात्र लोक उगाच जागरण करतात. किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी वॉरंटी देते तो हा आकडा. सॅमसंग ८७० इव्होच्या १ टीबीला ६०० आहे, क्रुशलच्या एमएक्स ५००च्या १ टीबीला ३६०. आता हिशोब करा, रोज २० जीबी लिहिलं, जे घरात होतच नाही, तर वर्षाला ७.३ टीबी. ३६०ला पोचायला ४९ वर्षं. तोवर पीसी, टेबल आणि बहुधा बिल्डिंगसुद्धा रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल. वॉरंटी किती वर्षांची ते जास्त महत्त्वाचं, ३ आणि ५ वर्षांत भावाचा फरक थोडा असेल तर ५ची घ्या.

साइज? ५०० जीबीच्या खाली जाऊ नका. आणि ५००ची घेतली की विंडोज ४६५ दाखवतं, १ टीबीची ९३१, यात दुकानदाराने काही मारलेलं नाही, कंपनी १०००ने मोजते आणि विंडोज १०२४ने.

आता खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं असेल तर ग्रँट रोडला ईस्टला उतरायचं, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. तिथे ठरलेला संवाद होतो, “बिल चाहिए तो अठारा परसेंट ज्यादा लगेगा बॉस.” लागू द्या. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामाला येतो. मी एकदा हे पैसे वाचवायला गेलो, झिपच्या पिशवीत सुटी एनव्हीएमई घेतली, “नया माल है, सिर्फ बॉक्स नहीं है.” घरी येऊन क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं सॉफ्टवेअर लावलं तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिलेले तास, चार हजारांच्या वर. कुणाच्या तरी लॅपटॉपमधून काढलेली. परत गेलो तर तो मला ओळखेना.

म्हणून नवीन एसएसडी लावल्यावर पहिलं काम हे, क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं आणि चालू तास आणि एकूण लिहिलेला डेटा बघायचा. नव्या ड्राइव्हवर दोन्ही शून्याच्या आसपासच पाहिजेत. फूटपाथवर नाहीतर ऑनलाइन अगदी फेकलेल्या भावात २ टीबीची पोर्टेबल एसएसडी दिसते ती तर घेऊच नका, आत चिकटवलेलं मेमरी कार्ड निघतं आणि कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतं. घेऊन बसलाच असाल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवा, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून दाखवतं, खरं-खोटं कळतं.

बसवणं सोपं आहे. आधी महत्त्वाच्या फायलींची कॉपी दुसरीकडे. मग पीसी बंद, प्लग काढलेला, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकची भीती तशी कमीच पण सवय चांगली. अडीच इंची एसएसडीला कॅबिनेटमध्ये जागा नसेल तर डबल टेपने चिकटवली तरी चालतं, आत काही हलत नाही. एम डॉट २ तिरकी, साधारण ३० अंशात सरकवायची, मग हळूच दाबून स्क्रू. तो स्क्रू इतका बारका असतो की खाली पडला तर गेलाच समजा, त्यामुळे मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पंखा बंद ठेवा. हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, लावणार असाल तर पॅडवरचा प्लास्टिकचा पातळ कागद काढा, अर्धे लोक तो तसाच ठेवतात.

जुनं सगळं जसंच्या तसं पाहिजे असेल तर क्लोन करा, बऱ्याच कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर देतात, नाहीतर क्लोनझिला आहे, पण ते जरा जपून, सोर्स कुठला आणि टार्गेट कुठला हे दोनदा वाचून मगच एंटर मारा, उलटं झालं तर कोऱ्या एसएसडीची कॉपी तुमच्या भरलेल्या हार्डडिस्कवर होते. मला विचाराल तर विंडोज नवीनच टाका, वर्षानुवर्षांचा कचरा जातो. ॲक्टिव्हेशनची काळजी नको, विंडोज १० आणि ११चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तर मशीन ११ घेतं का तेही याच वेळी बघून टाका. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड जुना आयडीई असेल तर विंडोज टाकण्याआधीच तो नवा एएचसीआय करा, नंतर बदललात तर निळा स्क्रीन येऊ शकतो.

सांभाळण्यातला निम्मा भाग म्हणजे उगाच हात न लावणं. बाहेरचं डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवू नका, फायदा काही नाही आणि उगाच झीज. विंडोजचं स्वतःचं ऑप्टिमाइझ ड्राइव्हज मात्र चालू राहू द्या. ते एसएसडी ओळखतं आणि तिला ट्रिम पाठवतं. ट्रिम म्हणजे काय, तर तुम्ही फाईल डिलीट करता तेव्हा विंडोज फक्त आपल्या यादीतलं नाव खोडतं, ड्राइव्हला पत्ताच नसतो. सोसायटीतला भाडेकरू सोडून गेला पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्याचं पार्किंग अजून त्याच्याच नावावर, तसं. त्या मेलेल्या डेटाला ड्राइव्ह जपत बसते, इकडून तिकडे हलवत बसते, कारण फ्लॅश एकेक पान पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ट्रिम येऊन सांगतं की ही जागा मोकळी झाली. तेव्हा ऑप्टिमाइझ ड्राइव्हज उघडा, तुमच्या ड्राइव्हपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलंय का आणि शेड्यूल चालू आहे का एवढं बघा आणि बंद करा. १०-१५ टक्के जागा कायम रिकामी ठेवा.

गरमीचं म्हणाल तर साटाला काही होत नाही, एनव्हीएमई तापते, साधारण ७०-८० डिग्रीला पोचली की स्वतःच वेग कमी करते. आपल्याकडे मे महिन्यात, त्यात कॅबिनेट लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं आणि आत धुळीची गादी, मग ती काय करणार. कप्प्याचं दार काढा, दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारा.

लाइट अचानक जाणं हे मात्र एसएसडीला आवडत नाही, नेमकं नकाशा लिहिताना गेले तर ड्राइव्ह गोंधळू शकते. मुंबईत लाइट जात नाहीत असं म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा, लोकलसकट सगळं बंद. छोटा यूपीएस लावा, बॅटरी उतरली की बदला. फर्मवेअरचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेटही वर्षातून एकदा बघा, बॅकअप घेऊन. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सर्व्हरच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील, उपाय काय तर फर्मवेअर. घरच्या ड्राइव्हचा तो किस्सा नाही, पण एसएसडीत सॉफ्टवेअर किती असतं ते कळतं.

आणि एसएसडी कपाटात टाकून विसरायची वस्तू नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेईडीईसी या संस्थेच्या घरगुती स्टँडर्डप्रमाणे पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० डिग्रीला १ वर्ष डेटा धरला पाहिजे. नवीन ड्राइव्ह जास्त धरते हे खरं, पण उष्णता वाढली की ही मुदत कमी होते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ३०च्या वरच असतो. पोर्टेबल एसएसडी दोन-तीन महिन्यांतून एकदा लावा. लेकाच्या बारशाचे फोटो एकट्या तिच्या भरवशावर नकोत.

हार्डडिस्क मरायच्या आधी कटकट आवाज तरी करते. माझी २४० जीबीची एक एसएसडी चौदाव्या महिन्यात गेली, आदल्या रात्री हेल्थ ९६ टक्के, सकाळी बायोसमध्येही दिसेना. सोसायटीचा वर्षाचा हिशोब त्यात, आणि एजीएम आठ दिवसांवर. व्हाउचरं परत गोळा करताना जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोचा टक्का म्हणजे फक्त सेल किती झिजले ते, ड्राइव्ह चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, कधी बसेल ते त्यात कळत नाही. आणि चुकून डिलीट झालेलं हार्डडिस्कवरून परत मिळायची आशा असते, ट्रिम झालेल्या एसएसडीवरून जवळपास नाहीच. पण त्या भरवशावर विकताना नुसतं फॉरमॅट करून देऊ नका, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून नाहीतर बायोसमधून सिक्युअर इरेज मारून द्या.

मावशीला मी पोर्टेबल हार्डडिस्क घेऊन दिली आणि बॅकअप दर महिन्याला घे म्हटलं. दोन महिने विसरली. मग तिनेच संकष्टी ठरवली, चंद्रोदय होईपर्यंत जेवायचं नसतंच, तेवढ्या वेळात केबल लावते, कॉपी होईपर्यंत खिडकीत बसते आणि मला मेसेज टाकते, “झालं रे, चंद्र पण दिसला.”